इंजिनाचा श्वास

मोटारीच्या इंजिनाविषयीं चारचौघांत बोलणें निघालें म्हणजे पिस्टनची गोष्ट निघते, गिअरची निघते, फार झालें तर पेट्रोलच्या खर्चाची निघते. परंतु तें पेट्रोल जळावयास जी हवा लागते, ती कोणत्या वाटेनें आंत जाते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. या वाटेस कारागीर लोक ‘इनटेक मॅनिफोल्ड’ म्हणतात. दिसावयास ही वस्तु अगदीं साधी : एक पोकळ पेटी, आणि तींतून निघून इंजिनाच्या चार सिलिंडरांकडे जाणाऱ्या चार नळ्या. तरी या चार नळ्यांची निवड करण्यांत आमच्या घरीं सबंध एक उन्हाळा खर्चीं पडला. त्या उन्हाळ्यांत मला जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें गांव सेमाडोह. मेळघाटांत, सिपना नदीच्या कांठीं तें वसलें आहे. परतवाड्याहून धारणीकडे जाणारी सडक डोंगरास भिडते, घटांगपर्यंत वळणें घेत चढते आणि मग सागवानाच्या रानांतून आमच्या गांवाकडे येते. गांवांत बाबांचें किराण्याचें लहानसें दुकान आहे, आणि त्याचा माल दर आठवड्यास परतवाड्याहून याच घाटानें आणावा लागतो. माझा थोरला भाऊ परतवाड्यास मोटार दुरुस्तीचें काम करतो. दोन वर्षांच्या शिलकेंतून त्यानें एक जुनी जिप्सी विकत घेतली.

जिप्सी ही गाडी भारतांत १९८५ सालीं निघाली. तेव्हां तिचें इंजिन ९७० घनसेंटिमीटरांचें होतें. १९९६ सालीं त्या जागीं १२९८ घनसेंटिमीटरांचें इंजिन आलें. आणि सन २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारीं इंजेक्टरें व सोळा व्हॉल्व्ह आले, तेव्हां तिची शक्ति सुमारें ६० वरून ८० अश्वशक्तीपर्यंत चढली. सामान्य ग्राहकांसाठीं तिची विक्री २०१९ सालीं थांबली. पण पर्यटकांस जंगल दाखविणाऱ्या गाड्यांत ती अजून भेटते. दादानें घेतलेली गाडी सोळा व्हॉल्व्हची होती, आणि पूर्वीच्या मालकानें ती शर्यतीसाठीं तयार केलेली होती. इंजिनाच्या डोक्यांतील हवेच्या वाटा घोटून गुळगुळीत केलेल्या होत्या, आणि समोर इंजिनाच्या फेऱ्या दाखविणारी मोठी तबकडी बसविलेली होती. मात्र मॅनिफोल्डच्या एका कानास तडा गेलेला होता. म्हणूनच ती दादाच्या ऐपतींत बसली.

दादाच्या मनांत एकदां तरी शर्यतींत उतरावयाचें होतें. बाबांनीं त्याला आडकाठी केली नाहीं. परंतु एक अट घातली. ते म्हणाले, “घरात गाडी एकच हाय. वर्षातले चार दिवस ते तुह्या शर्यतीची, बाकीचे दिवस दुकानाची. अन् गाडीच्या कागदात, धुराच्या तपासणीत खोट निघाली नाही पाह्यजे.”

नवा मॅनिफोल्ड कोणता घ्यावा, हा प्रश्न येथून उभा राहिला. दादासमोर तीन मार्ग होते. पहिला, प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र आखूड भोंगा व स्वतंत्र झडप बसविण्याचा. दुसरा, मोठी पेटी व आखूड, रुंद नळ्या असा मॅनिफोल्ड पत्र्याच्या कारागिराकडून जोडून घेण्याचा. तिसरा, मोडीत निघालेल्या त्याच जातीच्या गाडीवरचा मूळचा, लांब नळ्यांचा मॅनिफोल्ड आणून बसविण्याचा. आठ व्हॉल्व्हच्या जुन्या जिप्सीचा मॅनिफोल्ड स्वस्तांत मिळत होता. पण त्या इंजिनाचें डोकेंच निराळें, म्हणून त्याचा विचार करण्यांत अर्थ नव्हता. दादाचें मन पहिल्या दोहोंकडे ओढत होतें, कारण शर्यतीच्या गाड्यांचीं जीं चित्रें तो पाहत असे, त्यांत सर्वत्र भोंगेच असत.

आमचे मामा जन्मभर मोटारींच्या कामांत राहिलेले आहेत. दादाचें सर्व बोलणें त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि मग म्हणाले, “बाबू, मॅनिफोल्ड दुकानात नको निवडू, रस्त्यावर निवड. तुही गाडी कोन्त्या रस्त्यानं जास्त जाते, ते मले आधी सांग.”

मामांच्या या प्रश्नाच्या मागें जें शास्त्र आहे, तें मला त्यांनींच समजावून दिलें. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदां श्वास घेतो. इंजिन मिनिटास ३००० फेऱ्या करीत असेल, तर प्रत्येक सिलिंडराचें दार सेकंदांतून २५ वेळां उघडतें. आणि सिलिंडर दर वेळीं पुरा भरला, तर १२९८ घनसेंटिमीटरांचें इंजिन मिनिटास सुमारें १९५० लिटर हवा ओढतें. ६००० फेऱ्यांस याच्या दुप्पट. आतां दार मिटलें कीं नळींतून धांवत आलेली हवा त्यावर आपटते. त्या धडकेची लाट ध्वनीच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें ३४० मीटर या वेगानें, नळींत येरझारा घालूं लागते. दाबाची लाट परत यावी आणि नेमकें त्याच वेळीं दार उघडें असावें, असा योग जुळला तर ती थोडी जास्त हवा आंत ढकलते, आणि इंजिनास फुकटचें बळ मिळतें. नळी लांब असली तर लाटेस येण्यास वेळ लागतो; म्हणून ती सावकाश फिरणाऱ्या इंजिनाशीं जुळते. नळी आखूड असली तर लाट लवकर येते, आणि ती वेगानें फिरणाऱ्या इंजिनाच्याच कामाची. शिवाय नळी अरुंद असेल तर मंद चालींतही हवेचा वेग टिकतो. रुंद असेल तर फार वेगांत हवा अडत नाहीं. कोरकू मुलांच्या बांसरीचें उदाहरण मामांनीं दिलें : लांब बांसरीचा सूर खालचा, आखूड बांसरीचा वरचा. एकाच बांसरीनें दोन्ही सूर सारख्या जोरानें मागतां येत नाहींत.

हा केवळ आमच्या घाटाचा अनुभव नव्हे. अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें १९६० सालीं आपल्या ‘३०० एफ’ या गाडीस ३० इंच लांबीच्या नळ्या दिल्या. त्या इतक्या लांब कीं इंजिनाच्या एका बाजूचा कार्ब्युरेटर दुसऱ्या बाजूच्या सिलिंडरांस हवा पुरवीत असे. त्याच गाडीचा अधिक वेगवान प्रकार कंपनीनें काढला, तेव्हां नळ्यांमधील आंतल्या भिंती कांहीं भागांत काढून टाकून लांबी १५ इंचांइतकी केली. बाहेरून दोन्ही मॅनिफोल्ड सारखेच दिसत; पण लांब नळीचें बळ खालच्या फेऱ्यांत, व आखूड नळीचें वरच्या फेऱ्यांत. म्हणजे ज्यांच्याजवळ पैसा व विद्या दोन्ही विपुल, त्यांनाही अखेर एक घेऊन दुसरें सोडावेंच लागलें.

मामांच्या प्रश्नाचें उत्तर तोंडी न देतां आम्हीं तें कागदावर लिहावयाचें ठरविलें. मॅनिफोल्डचा तडा चाचणीपुरता सांधून घेतला. दादानें दुकानाचा माल भरून गाडी परतवाड्याहून सेमाडोहपर्यंत आणली, आणि मीं शेजारीं बसून प्रत्येक किलोमीटरच्या दगडापाशीं तबकडीवरचा आंकडा वहींत उतरविला. घरीं येऊन पाहतों तों बहुतेक आंकडे दोन हजार ते साडेतीन हजारांच्या दरम्यान. पांच हजारांच्या वरचा आंकडा संबंध वहींत एकच होता.

भोंग्यांविरुद्ध आणखीही कारणें निघालीं. उन्हाळ्यांत आमच्या रानांतली धूळ पिठासारखी बारीक असते. उघड्या भोंग्यांवर चांगली गाळणी बसविणें कठीण, आणि ती धूळ आंत गेली कीं सिलिंडर घासून निघतात. चार स्वतंत्र झडपा बसविल्या म्हणजे मॅनिफोल्डमधील दाब पाहून पेट्रोल मोजणारा जो संगणक या गाडींत असतो, तोही गोंधळतो व त्यास नव्यानें शिकवावें लागतें. आणि उघड्या भोंग्यांची गर्जना दूरवर ऐकूं जाते. १९७३-७४ सालीं देशांत जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाट एक. जेथें साधा कर्णा वाजवितांना विचार करावा, तेथें ही गर्जना घेऊन रोज कसें फिरावें?

दादा दोन दिवस कांहीं बोलला नाहीं. लांब नळ्या घेतल्या तर शर्यतीच्या सरळ रस्त्यावर आपण मागें पडणार, हें त्याला मामांइतकेंच कळत होतें. आणि पुन्हां एवढी शिल्लक कधीं पडेल, याचा भरंवसा नव्हता. तिसऱ्या दिवशीं तो अमरावतीस गेला आणि मोडीच्या बाजारांतून मूळचा मॅनिफोल्ड घेऊन आला.

बसविण्याचें काम आम्हां तिघांचें. प्रथम पेट्रोलच्या नळींतील दाब उतरविला, बॅटरीची तार सोडली, इंजिन थंड असतांना रेडिएटरचें पाणी काढलें. जी जी रबरी नळी वा तार सुटेल, तिला मीं वह्यांवर लावावयाच्या चिठ्ठीवर नांव लिहून डकवीत गेलें. कारण सोडतांना जें सोपें वाटतें, तें जोडतांना कोडें होऊन बसतें. जुना मॅनिफोल्ड निघतांच मामांनीं इंजिनाच्या उघड्या तोंडांत स्वच्छ फडकीं कोंबलीं, म्हणजे एखादा नट आंत पडावयास नको. ॲल्युमिनियमवर ओरखडा न उठेल अशा बेतानें जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे काढले. मग सरळ पट्टी आडवी धरून नव्या मॅनिफोल्डचा पृष्ठभाग तपासला. नवें गॅस्केट दोन्ही बाजूंस लावून पाहिलें, तेव्हां नळीचें तोंड एके ठिकाणीं किंचित् पुढें आलेलें आढळलें. हवेस तेवढी पायरीही अडते. ती कानशीनें घांसून काढली व सर्व चूर पुसून घेतला.

नट आवळण्याची रीत मला सर्वांत आवडली. एका टोकाकडून आवळीत गेल्यास दुसरें टोक उचलतें. म्हणून मधल्या नटापासून आरंभ करून दोहों कडांकडे जावयाचें, आणि तेंही एकदम नव्हे, तीन फेऱ्यांत. आई भाकरी थापतांना जसा हात मधून कडेकडे नेते, तसेंच हें. अखेरची फेरी मामांनीं माप दाखविणाऱ्या पान्ह्यानें, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या आंकड्याप्रमाणें घेतली. इंजिन सुरू झाल्यावर सांध्यांवर साबणाचें पाणी शिंपडून पाहिलें; कोठें फट असती तर पाण्यानें ती क्षणभर बुजून इंजिनाची चाल बदलली असती. चाल बदलली नाहीं. पुढें धुराच्या तपासणींतही गाडी उतरली.

आषाढांत एका रात्रीं शेजारच्या लेकरास तापाचे झटके येऊं लागले. बाहेर पाऊस कोसळत होता. दादानें लेकरूं, त्याचे आईबाप व आणखी दोघे इतक्यांस घेऊन धारणीच्या रुग्णालयाची वाट धरली. चढावर पुढें मालाचा ट्रक सांपडला, आणि बराच वेळ त्याच्या मागें मुंगीच्या पावलानें चालावें लागलें. वाट मोकळी होतांच दादानें नुसता पाय दाबला. इंजिन न धापतां खालच्या फेऱ्यांतूनच उठलें. लेकरूं चौथ्या दिवशीं घरीं आलें.

हिवाळ्यांत दादा नाशिककडील एका शर्यतीस गेला. डोंगराच्या वळणांवर त्याची गाडी पुष्कळांच्या पुढें होती. लांब सरळ रस्ता लागला, आणि आखूड नळ्यांच्या गाड्या एकामागून एक त्याच्या पुढें निघून गेल्या. बक्षीस मिळालें नाहीं. त्याला वाईट वाटलें, आणि तें त्यानें आमच्यापासून लपविलें नाहीं. मीं विचारलें, “दादा, आतां आखूड नळ्या बसवशील का?”

तो हिशेब करीत असल्यासारखा थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, “त्या सरळ रस्त्यावर मी वर्षातून दहा मिनिटं असतो.” आणि दुकानाच्या मालाची यादी खिशांत घालून तो परतवाड्यास निघून गेला.