सॅन फ्रान्सिस्कोचे चढ

नारायण पेठेच्या सपाट बोळांत आयुष्य गेलेल्या आजोबांना सॅन फ्रान्सिस्कोचे चढ पाहूनच धाप लागावी. मार्गदर्शकासह निघणारी सेग्वेची सहल अशांना मोहात पाडते. २००१ साली जगापुढे आलेले हे दोन चाकांचे यंत्र उभ्यानेच चालवायचे. पुढे झुकले की धावते, मागे रेलले की थांबते. मात्र साधारण ४५ किलोंहून हलक्या स्वाराच्या रेलण्याने ते नीट थांबत नाही, म्हणून धाकट्या नातवंडांना बंदरावरच ठेवावे लागते. शिवाय तासभर उभे राहून आजोबांचे गुडघे कुरकुरतात, ते वेगळेच! सहकुटुंब आलेल्यांना १८७३ मध्ये या शहरात प्रथम धावलेली केबल कारच बरी. बाकावर आजोबांशेजारी नात बसते आणि हाइड स्ट्रीटच्या उतारावर समोर निळी खाडी, तीत अल्काट्राझ बेट दिसू लागते.