वल्हे आणि मायानदी

भवसागर, नौका आणि पैलतीर ही भक्तिकाव्यातील रूपके तीस वर्षे शिकवणाऱ्या त्या प्राध्यापकाला निवृत्तीच्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आपण कधी होडीत बसला आहात का?" वर्ग हसला, तोही हसला. परंतु उत्तर नकारार्थी होते, आणि ते त्याला बरेच दिवस सलत राहिले.

त्याचे बालपण तुळजापूर तालुक्यातील एका कोरडवाहू खेड्यात गेले. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडावयास जाई आणि तो आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीने घागर भरीत बसे. पाणी ही मोजून घ्यावयाची वस्तू आहे, हा त्याचा पहिला संस्कार. पुढे ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातील मायानदीचे रूपक तो शिकवू लागला. त्यात स्वबुद्धीच्या बाहूंवर विसंबून नदीत उतरणाऱ्यांचा थांग लागत नाही. सर्वभावे शरण जाणाऱ्यांना मात्र अलीकडच्याच काठावर पाणी सरते. पाणी म्हणजे तरून जावयाचे संकट, ही कल्पना त्याच्या बुद्धीने स्वीकारली होती, देहाने कधीच नाही. ज्याने वाटीने पाणी भरले, त्याने पाण्याला माया कसे म्हणावे?

अशा मनःस्थितीत तो आश्विनात नळदुर्गला आला. नळदुर्ग आणि रणमंडळ यांना जोडणारा बोरी नदीवरील बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास बांधला गेला. त्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. नदीला पूर आला की 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आतल्या दालनात उभा असलेला माणूस कोरडा राहून तो प्रपात पाहतो. त्या दिवशी सांडवे थांबले होते. वरचे पाणी निश्चल होते. एका वृद्ध भोयाने त्याला आपल्या लहानशा होडीत पुढे बसवले आणि वल्हे हाती दिले.

प्रारंभी त्याने केवळ दंडाच्या बळावर पाणी ओढले. होडी पुढे जाण्याऐवजी वल्ह्याच्या विरुद्ध दिशेला वळत राहिली. "पान्याला मारू नका, मास्तर," भोई मागून म्हणाला, "पानी धरा, मंग सोडा." हळूहळू कंबर आणि पाठ कामाला लागली. पाते बुडवावे, धड फिरवीत मागे न्यावे, शेवटी किंचित बाहेर वळवून नाक सरळ करावे, आणि मग काहीच करू नये. त्या काही क्षणांत होडी आपण होऊन पुढे सरकत असे. श्वास वल्ह्याच्या लयीत आला. तटाची काळी भिंत मागे सरत होती आणि पात्यावरून ओघळणाऱ्या थेंबांखेरीज दुसरा आवाज नव्हता. साठी उलटलेल्या, खुर्चीला जखडलेल्या त्या देहाला आपण अजून पाठीपासून तळव्यांपर्यंत एकसंध आहोत, याचा प्रत्यय आला.

येथे रूपकाचा प्रश्न नव्याने उभा राहतो. नौकेच्या प्रतिमेत भक्त बहुधा प्रवासी असतो. वल्हे दुसऱ्याच्या हाती असते. त्यामुळे प्रयत्न आणि शरणागती ही परस्परविरोधी टोके आहेत, असे वाचकाला वाटू लागते. वल्हवणाऱ्याचा अनुभव वेगळा आहे. ओढल्यावाचून गती नाही आणि सोडल्यावाचून दुसरी ओढ नाही. बंधाऱ्याचे शहाणपणही हेच असावे : तो नदी अडवतो, आणि तिला जाण्यासाठी दोन वाटाही ठेवतो. अर्थात एका सकाळच्या नौकाविहाराने मायानदीचा अर्थ उलगडला, असे म्हणणे उथळपणाचे होईल. ज्ञानेश्वरांची नदी बोरी नव्हे. परंतु ज्या प्रतिमेची सामग्री देहाने कधी अनुभवली नाही, तिचे विवरण केवळ संकेताचे विवरण ठरते, एवढे त्याला उमगले.

काठावर उतरताना त्याच्या तळहातांना फोड आले होते. भोयाने देऊ केलेल्या तांब्यातले पाणी तो सवयीने एक थेंबही न सांडता प्याला. त्या रात्री त्याने सातवा अध्याय पुन्हा उघडला. बाहूंचा उल्लेख आला तेथे तो थांबला. त्याचे खांदे दुखत होते.