माहिती कुठल्या मुलखातली?

भातकापणीच्या दिवसांत विंचू चावलेला माणूस आमच्या मलकापुरात नवा नाही. नवा आहे तो त्याच्यासोबत येणाऱ्या भाच्याच्या हातातला मोबाईल. दवाखान्याची पायरी चढेपर्यंत त्यानं शोधाशोध केलेली असते. ‘डॉक्टर, हे बघा की,’ म्हणत तो दोन उत्तरं पुढे करतो. एकात कांदा चोळायला सांगितलेलं असतं. दुसरं एखाद्या नामांकित अमेरिकी रुग्णालयाचं, यंत्रानं मराठीत आणलेलं. त्याचा सूर असा, की धडधाकट मोठ्या माणसाला सहसा औषधपाणी लागत नाही, जागा धुवा, थंड पट्टी ठेवा.

कांदा घातक आणि अमेरिकी पान भरवशाचं, असं शिकल्यासवरल्यांना वाटतं. मला भीती त्या पानाचीच जास्त वाटते. ते खोटं मुळीच नाही, पण ते तिकडच्या विंचवांबद्दल आहे. आपल्याकडचा लाल विंचू थेट हृदयावर उठतो. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि पुढे फुप्फुसात पाणी. लहान मुलं यात दगावतात. आंबा घाट उतरला की लागणाऱ्या कोकणात डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले. हृदयावरच्या या खुणा त्यांनी 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध यावर लागू पडतं, हेही दाखवलं. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरातले चाळीसेक जात, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हा त्यांचा महाडचा अभ्यास 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पण इंग्रजीत! मराठीत शोधणाऱ्याला मात्र कांदाच आधी भेटतो. मराठीत नीट लिहिलेलं काहीच नाही असंही नाही. डॉ. श्याम अष्टेकरांची ‘आरोग्यविद्या’ आहे, पण शोधणाऱ्याला तिचं नाव ठाऊक असावं लागतं.

म्हणून माहिती कुणी दिली हे विचारण्याबरोबर ती कुठल्या मुलखातल्या, कुठल्या रुग्णाची आहे, हेही मी विचारायला लावतो. आणि कधीची? लशीमुळे स्वमग्नता येते असं सुचवणारा एक लेख त्याच ‘लॅन्सेट’मध्ये 1998 साली छापून आला होता. 2010 मध्ये नियतकालिकानं तो मागे घेतला. पोलिओच्या डोसाला नको म्हणणारे पालक त्याचाच उष्टा घास अजून मोबाईलवर दाखवतात. नावाजलेल्या नियतकालिकाचा शिक्का पाहून भुलायचं नाही, ते असं. भरवशाच्या संकेतस्थळांना चिन्ह देणारी जिनिव्हाची एक संस्था होती. ती सेवा 2022 च्या डिसेंबरात बंद झाली. तेव्हा ते चिन्ह आज कुठे दिसलं तरी त्याच्यामागे तपासणारं कुणी उरलेलं नाही.

विकणाऱ्यांना ओळखणं त्या मानानं सोपं. मुतखडा विरघळवतो, शुगर मुळापासून घालवतो, अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. त्याच्या परिशिष्टात 54 विकारांची नावं आहेत, त्यात मधुमेह आहे, मुतखडाही आहे. म्हणजे असा व्हिडिओ दिसला आणि खाली ऑर्डरचा नंबर असला, की औषधाचा गुण तपासत बसायची गरजच नाही. जाहिरात करणाराच कायदा मोडतोय. एवढं सांगितलं की आमच्याकडची माणसं पुढचा वाद घालत नाहीत. पैसे गेलेले असतील तर मात्र घालतात!

रुग्णानं मोबाईल दाखवला की चिडणारे डॉक्टर मला पटत नाहीत. त्याला विचारायचं असतं म्हणूनच तो दाखवतो. दोन मिनिटं शेजारी बसवून ते पान त्याच्याबरोबर वाचलं, तर पुढच्या खेपेला तारीख आणि गाव तो आपणहून बघतो.

पण हे सगळं वेळ हाताशी असतानाचं. विंचू चावलेल्याला घाम फुटला, उलटी झाली किंवा हातपाय गार पडले, तर शोधत बसू नका. 108 ला फोन लावा, आणि मिळेल त्या गाडीनं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.