कुत्र्याचा गुडघा

एकत्र कुटुंबांतील कुत्रा बहुधा लठ्ठ असतो, असें पुष्कळ घरें पाहून आम्हांस वाटूं लागलें आहे. आजीची पोळी, सुनेचा दूधभात, मुलांचीं बिस्किटें. देणारे हात अनेक आणि हिशेब कोणाचाच नाहीं. या मायेचा भार अखेर त्याच्या मागील गुडघ्यांवर पडतो.

गुडघ्यांत मांडीचें हाड व नळीचें हाड यांस बांधणारे दोन अस्थिबंध फुलीसारखे असतात. त्यांतील पुढचा कुत्र्यांत वारंवार निकामी होतो. खेळाडू मनुष्याचा हा बंध एका हिसक्यासरशीं तुटतो. कुत्र्याचा मात्र बहुधा जुन्या दोराप्रमाणें झिजत जाऊन एके दिवशीं साध्या उडीनेंही जातो. मग जनावर पाय उचलून धरतें, किंवा बसतांना बाजूस टाकतें. तें ओरडत नाहीं म्हणून त्यास वेदना नाहींत असें मानणें हा शुद्ध अविचार होय. सांधा ढिला राहिला कीं कूर्चा झिजते व संधिवात जडतो. तो पुढें समूळ जात नाहीं. (आयुर्वेदांत मनुष्याच्या सुजलेल्या गुडघ्यास क्रोष्टुकशीर्ष, म्हणजे कोल्ह्याचें डोकें, म्हणतात. श्वानकुळाचा व गुडघ्याचा संबंध तसा जुनाच!)

आमच्या घरच्या लॅब्रॅडोर कुत्रीचा बंध गेल्या पावसाळ्यांत तुटला, तेव्हां पशुवैद्यांनीं शस्त्रक्रिया सुचविली. नळीच्या हाडाचा माथा मागें उतरता असतो व त्यावरून मांडीचें हाड घसरतें. तो माथा कापून, फिरवून, उतार कमी करून धातूच्या पट्टीनें पक्का करावयाचा. ही युक्ति अमेरिकेंतील बार्कले स्लोकम यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केली. खर्च ऐकून घरांत दोन पक्ष पडले. धाकटे बंधु म्हणाले, विश्रांतीनें भागेल. लहान चणीच्या कुत्र्यांचें पुष्कळदा भागतेंही. चौतीस किलोंच्या जनावराचें क्वचितच. शिवाय एक गुडघा गेला कीं दुसराही जाण्याचा संभव मोठा. शस्त्रक्रिया झाली. घरांतील डब्यांतली आयब्युप्रोफेनची गोळी मात्र कोणीं देऊं नये. ती कुत्र्यास विषासमान आहे.

राहिला आहार. अमेरिकेंत ४८ लॅब्रॅडोर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडींतील एकास जन्मभर पाव हिश्श्यानें कमी अन्न दिलें गेलें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें कमी खाणारीं सुमारें पावणेदोन वर्षें अधिक जगलीं, आणि त्यांस संधिवात उशिरां जडला. हें आम्हीं जेवणाच्या पंक्तींत वाचून दाखविलें. तेव्हांपासून माप वडील सूनबाईंच्या हातीं आहे, व वजन एकोणतीस किलोंवर आलें आहे. मातोश्रींनीं पोळीचा घास कांहीं सोडलेला नाहीं. तो सायंकाळच्या मापांतून वजा करावा लागतो.