कात्री थांबते तिथे

जुन्या हॉलिवूड चित्रपटांची थोरवी आपल्यापर्यंत आधीच ठरून आलेली असते. इतकी ऑस्कर, अमक्या यादीत वरचा नंबर, तमका दिग्गज छायालेखक. मग बघणारा एकतर हात जोडून बसतो, नाहीतर अर्ध्या तासात ‘फारच संथ बुवा’ म्हणून उठतो. मी संकलक. दुसऱ्यांनी केलेलं चित्रण दिवसभर कापायचं आणि जोडायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे मला या दोन्ही गोष्टी जमत नाहीत. माझी नजर एकाच ठिकाणी जाते : इथे कट सहज मारता आला असता, मग का नाही मारला?

विल्यम वायलरचा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ (१९४६) घ्या. महायुद्ध संपवून तिघे जण एकाच गावी परततात : बँकेत नोकरी असलेला अल, बॉम्बर विमानावरचा फ्रेड आणि दोन्ही हात गमावलेला खलाशी होमर. होमरचं काम करणारा हॅरल्ड रसेल व्यावसायिक नट नव्हता. १९४४ मध्ये सैन्यात असताना स्फोटकांच्या अपघातात त्याचे हात खरोखरच गेले होते. चित्रपटात दिसतात ते लोखंडी आकडे त्याचे रोजच्या वापरातले.

आता तो बारमधला प्रसंग. अलच्या मुलीचं, पेगीचं, फ्रेडवर प्रेम बसलंय आणि फ्रेड विवाहित आहे. ‘तिला भेटणं बंद कर,’ असं अल त्याला सरळ सांगतो. फ्रेड उठतो आणि दाराजवळच्या टेलिफोन बूथमध्ये शिरतो. तेवढ्यात होमर येतो आणि अलला पियानोपाशी ओढून नेतो. बारमालक बुचच्या साथीनं आकड्यांनी पियानो वाजवून त्याला दाखवायचाय. फ्रेममध्ये अगदी पुढे पियानो आणि ते आकडे, बाजूला रेलून उभा अल, आणि पार मागे, काडेपेटीएवढ्या बूथमध्ये, फ्रेड पेगीशी संबंध तोडतोय. त्याचा एक शब्दही ऐकू येत नाही. मागचं-पुढचं सारखंच स्पष्ट दिसतं, ही करामत छायालेखक ग्रेग टोलंडची. ‘सिटिझन केन’ त्यानंच चित्रित केला होता.

माझ्या हाताखालच्या मुलाला हे पटेना. ‘सर, गोष्ट तिकडे मागे घडतेय आणि आपण पियानो काय बघतोय?’ म्हटलं, घे, तूच कापून दाखव. त्यानं बूथचा भाग मोठा करून, चित्र फाटलं तरी, फ्रेडचा क्लोज-अप तयार केला आणि टाइमलाइनवर मध्ये बसवला. चालवून बघितलं. फोनचं नाट्य वाढलं, यात शंका नाही. पण पियानो मेला. होमरचा आनंद ही नुसती मधली अडचण होऊन बसली. आणि अल, जो दोन्हीकडे बघतोय, ज्याला मित्राचं कौतुकही करायचंय आणि मागे आपल्याच शब्दानं काय घडतंय तेही कळतंय, त्याला काही कामच उरलं नाही. मूळ प्रसंगात बूथकडे कधी बघायचं हे आपण ठरवतो, आणि बघितलं की अलसारखंच चोरून बघतो. मुलानं काही न बोलता तुकडा काढून टाकला.

हल्ली आम्ही पाहुण्याला आग्रह करकरून वाढावं तशा प्रतिक्रिया वाढतो : एक वाक्य, तीन चेहरे. वायलरलाही तो मोह पूर्ण आवरला नाही. मध्ये अलचा जवळून घेतलेला शॉट येतो, तो बूथकडे बघताना. जणू प्रेक्षक पियानोत रमून मागचं विसरेल की काय, या धास्तीनं. आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकानं ही गोष्ट टिपली होती. माझ्या मते तो शॉट नसता तरी चाललं असतं.

पण लांब शॉट ठेवला म्हणजे झालं असंही नाही. कॅमेरा एका जागी ठेवून नटांना बोलायला लावणारे आळशी चित्रपटही त्या काळात ढिगानं निघाले. फरक कळायला मी आवाज बंद करून बघतो. अल घरी येतो तो प्रसंग असा बघा. दार उघडणाऱ्या मुलाच्या तोंडावर तो हात ठेवतो, मुलीलाही गप्प करतो. लांब बोळाच्या टोकाला बायको येते. मिठी आपल्याला लांबूनच दिसते, अलची पाठ आपल्याकडे. शब्द नसूनही काही अडत नाही. मग आवाज चालू केला की आतून ‘कोण आलंय?’ म्हणत अर्ध्यातच थबकलेला तिचा स्वर ऐकू येतो, आणि तो वरचा नफा ठरतो. युद्धात विमानातून चित्रण करताना वायलरची श्रवणशक्ती बरीचशी गेली होती. या मांडणीशी त्याचा संबंध असेलच असं मी म्हणणार नाही, पण हा प्रसंग बघताना ते आठवतं खरं.

उणिवा दिसतात तिथे जुनं म्हणून सूट देऊ नये. फ्रेडची बायको मरी कथानकाच्या सोयीसाठी लिहिलेली आहे. पैशांची हावरी, उथळ, आणि शेवटी घटस्फोटाची भाषाही तीच काढते. १९३४ पासून कडकपणे राबवलेल्या प्रॉडक्शन कोडला विवाहसंस्थेचं पावित्र्य जपायचं होतं, म्हणून नायकाचे हात स्वच्छ राहावेत यासाठी सगळा मळ तिच्या अंगावर. कारण समजतं, पण पात्र त्यानं जिवंत होत नाही. जवळपास तीन तासांच्या चित्रपटात तिला एखादा खरा क्षण देता आला असता.

शेवटी होमरचं लग्न लागतं तेव्हा वायलर बारमधलीच युक्ती पुन्हा वापरतो. वधूवर शपथा घेतायत आणि त्याच फ्रेममध्ये अंतरावर फ्रेड नि पेगी एकमेकांकडे बघतायत. लोक इथे रडतात, मीही हलतो. तरी दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले तर मी बारचाच वरचा मानेन. पियानो आणि फोन यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, ते एका खोलीत योगायोगानं जमले होते. लग्नात मात्र होमरची प्रत्येक शपथ फ्रेडला लागू पडावी अशी बेतलीय, आणि बेतणाऱ्याचा हात मला दिसतो.