लांडगा आधी माणूसच असतो

भुताखेतांच्या सिनेमाकडे आपण गंमत म्हणूनच बघतो. पण ज्याने हॉलिवूडचा सगळ्यात गाजलेला 'लांडगा-माणूस' लिहिला, तो मुळात आमच्याच जमातीतला, म्हणजे बातमीदार होता. कर्ट सिओडमाक. जन्म १९०२, जर्मनीतल्या ड्रेसडेनचा, ज्यू घरातला.

फ्रिट्झ लँगच्या 'मेट्रोपोलिस'च्या सेटवर पत्रकारांना मज्जाव होता. हा पठ्ठ्या हेन्रिएटाला, म्हणजे पुढे जन्मभर साथ दिलेल्या बायकोला घेऊन, एक्स्ट्रा म्हणून आत घुसला. बातमी महत्त्वाची!

पुढे कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या एकीवर १९३२ मध्ये सिनेमाही आला. नाव होत होतं. आणि १९३३ साली त्याने गोबेल्सचं ज्यूंविरोधी भाषण ऐकलं. ऐकून देश सोडायचं ठरवलं. आधी इंग्लंड, मग १९३७ ला अमेरिका. पस्तिशीत, परक्या भाषेत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिथे 'द इनव्हिजिबल मॅन रिटर्न्स', 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी' असे सिनेमे लिहिले. 'डोनोव्हन्स ब्रेन' ही कादंबरी तर भन्नाट. मेलेल्या धनाढ्याचा मेंदू प्रयोगशाळेत जिवंत ठेवतात आणि तो मेंदू जित्याजागत्या माणसाला आपल्या तालावर नाचवायला लागतो. साल १९४२. तेव्हा युरोपात काय चाललं होतं, ते वेगळं सांगायला नको.

पण खरी कमाल डिसेंबर १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'ची. त्यातला लॅरी टॅलबॉट दुष्ट नाही. एका मुलीला वाचवायला धावतो, लांडगा त्यालाच चावतो आणि मग त्याचाच लांडगा होतो. पुढचा बळी कोण हे लांडग्याला आधीच दिसतं, कारण बळीच्या तळहातावर त्याला तारा दिसतो. सिनेमातला तारा पाच टोकांचा. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मनीत ज्यूंना अंगावर पिवळा, सहा टोकांचा तारा लावायची सक्ती झाली होती.

देवमाणसाचाही लांडगा होऊ शकतो, अशा अर्थाच्या चार ओळी त्या सिनेमातले गावकरी म्हणतात. लोक आजही त्या जुन्या लोकगीतातल्या समजतात. प्रत्यक्षात त्या सिओडमाकने स्वतः रचल्या होत्या. रचलेली गोष्ट दहा तोंडांतून फिरली की परंपरा व्हायला वेळ लागत नाही.

मी वीस वर्षं सभा कव्हर करतोय. स्टेजवरचं भाषण कुणीही लिहून घेईल. बघायचं असतं ते खाली बसलेल्यांकडे. टपरीवर "काय पत्रकार, चहा?" म्हणून हाक मारणारा आमचा एक दोस्त. रक्तदान शिबिरात पहिला नंबर, कुणाच्याही मयतीला हजर. तोच रात्री अकराला ग्रुपवर यादी टाकतो : अमक्या-तमक्यांच्या दुकानातून माल घेऊ नका. यादीत ज्याचं नाव, त्याच्याच दुकानातून त्याने लेकीच्या लग्नाचा बस्ता उधारीवर बांधला होता. हा माणूस वाईट आहे का? नाही हो. म्हणून तर भीती वाटते.

सिओडमाक ९८ वर्षं जगला, २००० साली गेला. त्याच्या टॅलबॉटला निदान सकाळी कळायचं की रात्री आपल्या हातून काय झालं. तो तळमळायचा, स्वतःलाच घाबरायचा.

आमच्या ग्रुपवर सकाळी फक्त 'शुभ सकाळ' येतं. फुलांसकट.