चावडीत बसून लिहिलेली पीकपाहणी

बारा व्होल्टच्या लाइनवर ८१.९१९ व्होल्ट दिसत होते आणि मी ते चालवून घेतलं. एक-दोन दिवस नाही, तब्बल तीन आठवडे. ‘स्केलिंग लावायचं राहिलंय, बघू नंतर’ असं स्वतःलाच सांगत. त्या लाइनवर खरंच ऐंशी व्होल्ट आले असते तर बोर्डाचा कोळसा झाला असता, हे कळायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. माझ्याकडे तर तीही होती.

काम होतं सर्व्हरच्या बीएमसीचं, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलरचं. सर्व्हरच्या बोर्डावर मुख्य प्रोसेसरपासून वेगळा असा एक छोटा कॉम्प्युटर बसवलेला असतो. सर्व्हर बंद असला तरी प्लग लावलेला आहे तोवर हा जागा. पंखे किती वेगाने फिरवायचे, कुठे किती तापलंय, कुठल्या खणात डिस्क आहे, दुरून सर्व्हर चालू-बंद कसा करायचा, सगळं याच्याकडे. मालक झोपला तरी ओसरीवरचा गडी जागा असतो, तसा. आमच्या गड्याच्या जागी तैवानच्या एस्पीडची एएसटी२५०० ही चिप होती आणि तिच्यावर ओपनबीएमसी चालायचं, म्हणजे शेवटी लिनक्सच.

माझ्याकडे होती त्या बोर्डाची डिव्हाइस ट्री. लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला की तो स्वतःच नाव-गाव सांगतो. पीसीआयचं कार्डही सांगतं. पण बीएमसीला दोन तारांच्या आय-टू-सी बसवर जोडलेल्या चिपा मुक्या असतात. तापमानाचा सेन्सर कुठल्या बसवर कुठल्या ॲड्रेसला बसलाय, कुठली पिन खाली ओढली की सर्व्हर रीसेट होतो, हे कर्नलला कुणीतरी लिहून द्यावं लागतं. पूर्वी आर्मच्या जगात प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्येच सी भाषेतली एक वेगळी फाइल असायची. या फायलींचा एवढा उकिरडा झाला की २०११ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स चारचौघांत भडकला. त्यानंतर आर्मवाल्यांनी पॉवरपीसी मशिनांवर आधीपासून असलेली पद्धत उचलली: हार्डवेअरचं वर्णन वेगळ्या मजकुरात लिहायचं, ते कंपाइल करायचं आणि बूट होताना कर्नलच्या हातात द्यायचं. हीच डिव्हाइस ट्री.

मी नवीन मुलांना सांगते, हा बोर्डाचा सातबारा आहे. कर्नल शिवारात जाऊन बघत नाही. उताऱ्यावर विहीर असेल तर तो पोहरा सोडतो, मग तिथे विहीर असो की शेजाऱ्याचं घर. आणि या दाखल्यातली मी कोण, तर चावडीत बसून पीकपाहणी लिहिणारी तलाठी.

हार्डवेअरच्या टीमकडून आय-टू-सीची एक यादी आली होती. एकेका ओळीत चिपचं नाव, बस, ॲड्रेस. तापमानाच्या सेन्सरसमोर ९२, ईईप्रॉमसमोर ए०. आकडे हेक्समधले. आता आय-टू-सीचा ॲड्रेस असतो सात बिटांचा. तारेवरून जाताना त्याला शेवटी आठवा बिट जोडतात, वाचायचंय की लिहायचंय हे सांगणारा. काही जण ॲड्रेस लिहिताना तो आठवा बिट धरून लिहितात, काही सोडून. लिनक्सला सोडलेला हवा असतो. ९२ आणि ए० हे आकडे सात बिटांत मावतच नाहीत, तेव्हा यादी आठ बिटांची आहे हे मी लगेच ओळखलं आणि स्वतःवर खूश झाले. सगळा रकाना दोनने भागला. ९२ चे ४९, ए० चे ५०.

त्याच रकान्यात बारा व्होल्टच्या लाइनवरचा करंट मोजणाऱ्या आयएनए२२६ समोर ४० होते. त्याचे मी २० केले.

ती ओळ दुसऱ्या माणसाने भरली होती, सात बिटांच्या सवयीने. चिपची डेटाशीट उघडली असती तर तिचे ॲड्रेस ४० पासूनच सुरू होतात हे पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं. उघडली नाही. यादी होती ना!

२० वर काहीच नसतं तर बरं झालं असतं. ड्रायव्हरने लॉगमध्ये बोंब मारली असती आणि मी आकडा दुरुस्त केला असता. पण त्याच बसवर २० ला पीसीए९५५५ बसली होती. ही सोळा आयओ पिनांची एक्सपांडर चिप, डिस्कच्या खणांत काय भरलंय काय रिकामं हे सांगणारी. तिचा नोड, म्हणजे डिव्हाइस ट्रीतली नोंद, मी अजून लिहिला नव्हता, कारण खण तपासायचं काम तात्पुरतं एका स्क्रिप्टमध्ये आयटूसीगेट या कमांडने चाललं होतं. तात्पुरतं म्हणजे कसं, ते वाचणाऱ्यांना माहीत आहे.

डिव्हाइस ट्री नवी केली त्या दिवशी स्क्रिप्ट अडली. आयटूसीगेट म्हणालं, या ॲड्रेसवर आधीच कुणीतरी बसलंय, डिव्हाइस बिझी आहे. इतकं स्पष्ट सांगणारं यंत्र विरळा. कोण बसलंय हे विचारायचं सोडून मी कमांडला जबरदस्तीचा पर्याय जोडला, एफ. स्क्रिप्ट पुन्हा पळायला लागली आणि मी चहाला गेले.

आठवड्याभराने तक्रार आली की बारावा खण उलटा बोलतो. डिस्क काढली की ‘आहे’, घातली की ‘नाही’. बाकीचे पंधरा ठणठणीत. हार्डवेअरच्या टीममध्ये एक सिनियर होता, त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो. त्याने केबल बदलली, बॅकप्लेन बदलली, शेवटी अख्खा बोर्ड बदलला. दुसऱ्या बोर्डावरही बाराच उलटा. माझं मत तयारच होतं, ‘दादा, कनेक्टरच्या पिनआउटमध्ये काहीतरी आहे तुमच्याकडे.’ दादा दोन दिवस मल्टिमीटर घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी माझ्या मागे खुर्ची ओढून म्हणाला, ‘तुझी स्क्रिप्ट दाखव बरं.’ वाचली आणि एका अक्षरावर बोट ठेवलं. ‘हा एफ कशाला गं?’

मग एकेक धागा सुटत गेला. कर्नलच्या लेखी २० वर आयएनए२२६ होती. तिचा ड्रायव्हर सुरू होताना पाच नंबरच्या रजिस्टरमध्ये कॅलिब्रेशन लिहितो, २०४८, हेक्समध्ये ०८००. पण तिथे बसलेल्या एक्सपांडरचं पाच नंबरचं रजिस्टर असतं पोलॅरिटीचं: यातला जो बिट एक, ती पिन उलटी वाचायची. ०८००चा पहिला बाइट, ०८, त्यात जाऊन बसला. ०८ म्हणजे चौथा बिट. आठ-आठ पिनांच्या दोन पोर्टांतल्या दुसऱ्याची चौथी पिन, म्हणजे एकूण बारावी. ड्रायव्हरने आपलं माप इमानेइतबारे लावलं होतं, एक्सपांडरने आपला हुकूम इमानेइतबारे पाळला होता. खोटं फक्त मी लिहिलं होतं.

आणि ते ८१.९१९? व्होल्टेजसाठी ड्रायव्हर दोन नंबरचं रजिस्टर वाचतो. एक्सपांडरमध्ये ते आउटपुटचं रजिस्टर, पॉवर आली की त्यातले सगळे बिट एक असतात, म्हणजे ६५५३५. त्याला सव्वा मिलिव्होल्टने गुणा. तीन आठवडे तो आकडा तसूभरही हलला नव्हता. खऱ्या सेन्सरचा शेवटचा अंक सारखा थरथरत असतो, एवढी गोष्ट नजरेत भरायला हवी होती.

यात शेपूट अजून होतं. मी चुकीचा नोड काढला, बीएमसी रीबूट केला, आणि बारावा खण उलटाच! दादाकडे बघायचीही सोय राहिली नव्हती. त्या एक्सपांडरला रीसेटची पिनच नसते आणि ती स्टँडबाय पॉवरवर चालते. बीएमसी शंभरदा रीबूट करा, तिच्या पोटातला बिट तसाच. भिंतीतून प्लग ओढला तेव्हा खण सरळ झाला.

दुसरी चूक लहान, पण जास्त लाजेची. सर्व्हरची रीसेटची लाइन ॲक्टिव्ह लो होती, म्हणजे शून्य व्होल्टला रीसेट, वर ठेवली की सर्व्हर मोकळा. ती वर राहावी म्हणून मी डिव्हाइस ट्रीमध्ये जीपीआयओ हॉग लिहिला, म्हणजे पिन एका स्थितीत धरून ठेवायला सांगणारी नोंद. पिनेला ‘ॲक्टिव्ह लो’चा फ्लॅग लावला आणि खाली ‘आउटपुट हाय’. मला वाटलं हाय म्हणजे व्होल्टेज वर. फ्लॅग लावल्यावर हाय म्हणजे ‘लाइन लागू कर’, आणि ॲक्टिव्ह लो लाइन लागू करणं म्हणजे ती खाली ओढणं. नकाराचा नकार झाला आणि मी सर्व्हर कायमचा रीसेटमध्ये धरून ठेवला. वर अर्धा दिवस पॉवर सप्लायच्या टीमला मेल लिहीत बसले की तुमचा पॉवर-गुड सिग्नल बघा. पिनेवर शून्य व्होल्ट आहेत हे मोजायला मल्टिमीटर माझ्यापासून दोन हातांवर पडला होता.

मुळात तो हॉग तिथे असायलाच नको होता. लाइन कधी वर, कधी खाली हे ठरवणं सर्व्हर चालू-बंद करणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम. अमुक पिनेवर रीसेट आहे आणि ती ॲक्टिव्ह लो आहे, एवढंच उताऱ्यात शोभतं. जमीन कुठे आहे ते लिहायचं, यंदा ऊस लावा असं नाही.

तिसरी चूक नक्कल करण्याची. नवीन बोर्डाची फाइल कुणीच कोऱ्या पानावर सुरू करत नाही, आधीच्या बोर्डाची कॉपी करून बदलतो. तसं करणं चूक नाही, नाहीतर आयुष्य पुरणार नाही. फक्त कॉपी केलेली प्रत्येक ओळ ही आपण दिलेली साक्ष असते, आणि मी न वाचता सही करत होते. पॉवर मोजणाऱ्या एडीएम१२७८ समोर शंट रेझिस्टरची किंमत मायक्रोओहममध्ये लिहायची असते. जुन्या बोर्डावर तो ५०० होता. नव्या बोर्डावर तसेच दोन समांतर लावलेले, म्हणजे २५०. माझ्या फायलीत ५०० तसाच राहिला आणि सर्व्हर खरी खपत होती त्याच्या निम्मी वीज दाखवू लागला. यावर कुणी तक्रार केली नाही हे सांगायला नको. उलट एका मीटिंगमध्ये नव्या डिझाइनचं कौतुक झालं. मी मान डोलावली. पुढे रॅकच्या वीजमापकाशी आकडे जुळेनात तेव्हा तो घोळ उघडा पडला. तीन चुकांमधली हीच मला सगळ्यात घातक वाटते. उलटा खण डोळ्यांत खुपतो. निम्मं बिल कुणाला खुपतं?

डिव्हाइस ट्री तपासायची साधनं आता चांगली आहेत. प्रत्येक चिपच्या वर्णनाचा नमुना ठरलेला असतो आणि त्याच्याशी फाइल पडताळून बघता येते. न मावणारा ॲड्रेस, चुकलेलं स्पेलिंग, राहिलेली प्रॉपर्टी, सगळं पकडलं जातं. माझ्या तिन्ही चुका मात्र त्या चाळणीतून आजही बिनबोभाट खाली पडतील. २० हा वैध ॲड्रेस आहे, ५०० ही वैध किंमत आहे, ॲक्टिव्ह लो आणि आउटपुट हाय ही वैध जोडी आहे. व्याकरण शुद्ध, साक्ष खोटी.

आता फाइल लिहिताना मी स्कीमॅटिक एका बाजूला आणि खरा बोर्ड दुसऱ्या बाजूला घेऊन बसते. चिपवरची अक्षरं भिंगातून वाचते. शंट तर मोजूनच घेते, डोळ्यांना जवळचं कमी दिसतं तरी. दादा आता दुसरीकडे आहे. त्याचे ते दोन दिवस मी कशानेही परत करू शकत नाही. जेवण घातलं, पण ते वेगळं.

हे वाचणाऱ्यांत कुणी बोर्डाच्या याद्या बनवणारं असेल तर एकच विनंती: ॲड्रेसच्या रकान्याच्या डोक्यावर ‘सात बिट’ की ‘आठ बिट’, तेवढं लिहा.